केदार नावाचं क्रियापद

स्पॅनिशमध्ये एक क्रियापद आहे, त्याचा उच्चार 'केदार' असा होतो. आपल्या केदारसारखाच, फक्त जोर शेवटच्या 'दार'वर द्यायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं, कारण आमच्या घरात या नावाचे दोन जण आहेत (दोघंही हे वाचणार आहेत, म्हणून अधिक काही लिहीत नाही). पण गेली काही वर्षं या क्रियापदाने माझा पिच्छा सोडलेला नाही, आणि त्याचं कारण स्पॅनिश नसून आपली वऱ्हाडी आहे.

आधी ओळख करून देतो. केदार म्हणजे राहणे. वर्तमानकाळात ते असं चालतं: केदो, केदास, केदा, केदामोस, केदाइस, केदान. मी राहतो, तू राहतोस, तो राहतो, आम्ही राहतो, तुम्ही राहता, ते राहतात. यातलं 'केदाइस' स्पेनमध्ये चालतं, मेक्सिकोत कोणी वापरत नाही. तिथे तुम्ही आणि ते दोघांनाही 'केदान'. गंमत अशी की 'केदो' या शब्दात 'के'वर जोर दिला तर अर्थ होतो 'मी राहतो', आणि 'दो'वर दिला तर 'तो राहिला'. माणूस बदलला, काळ बदलला, अक्षरं तीच. आणि 'केदामोस'ला तर तेवढाही फरक नाही. आम्ही राहतो आणि आम्ही राहिलो, दोन्ही केदामोसच. उलट आपल्याकडे राहिला, राहिली, राहिलं असा लिंगाचा सगळा हिशोब क्रियापदातच द्यावा लागतो. स्पॅनिश क्रियापदाला त्याची फिकीर नाही.

आता उपयोग बघा. घरी राहिलो, याला केदार. दोन राहिले (म्हणजे उरले), यालाही केदार. तो बघत राहिला, यालाही 'से केदो मिरान्दो', अगदी शब्दाला शब्द. आणि कळस म्हणजे बाईला दिवस राहिले, हे सांगायलाही स्पॅनिश माणूस केदारच वापरतो! आपलं 'दिवस राहणे' हे खास आपलं आहे असं मला वाटायचं. सात समुद्रापलीकडच्या लोकांनाही तिथे 'होणे'पेक्षा 'राहणे' बरं वाटलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

काही गोष्टी केदारला जमतात त्या आपल्या राहणेला जमत नाहीत. सदरा अंगाला बेतशीर बसला तर तो 'केदा बिएन', म्हणजे चांगला राहतो. दोघांनी अमुक वाजता भेटायचं ठरवलं तर तेही केदारनेच ठरवतात. संचारबंदीला 'तोके दे केदा' म्हणतात. तोके म्हणजे घंटेचा टोला, आता घरात राहा असं सांगणारा. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडे 'घरीच राहा' चाललं होतं तेव्हा मेक्सिकोत आणि स्पेनमध्ये 'केदाते एन कासा' चाललं होतं. तेच वाक्य, तेच क्रियापद.

उलट आपल्या राहणेचा पसाराही लहान नाही. मुंबईत राहतो म्हणजे वस्ती. काम राहिलं म्हणजे झालंच नाही. राहू दे म्हणजे नको. राहवत नाही म्हणजे धीर नाही. राहून राहून आठवतं म्हणजे थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. जुन्या मराठीत राहणे म्हणजे मुळात थांबणे. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली निघाला, त्याची पानं उलटताना असे शब्द भेटले की तास कसा जातो कळत नाही. प्राकृतात 'रहइ' होतं. त्याचं नातं संस्कृतातल्या 'रह्' धातूशी लावतात, ज्याचा अर्थ सोडणे. रहित, विरह हे शब्द त्यातलेच. सगळे सोडून गेले आणि जो मागे उरला, तो राहिला. थोडं उदास आहे खरं, पण पटतं.

केदारची वंशावळ याहून आनंदी आहे. लॅटिनमध्ये 'क्विएतुस' म्हणजे शांत, निवांत. त्यावरून शांत करणे, आणि त्यावरून निवांत एका जागी राहणे. याच जुन्या मुळाची एक फांदी इराणात गेली आणि तिथे 'शाद' झाली, म्हणजे आनंदी. 'शाद बाश', आनंदी अस, हे फारसी आपल्याकडे येऊन 'शाबास' झालं. शादी हा शब्दही त्यातलाच. म्हणजे केदार आणि शादी हे भाषेच्या हिशोबाने दूरचे नातेवाईक निघाले. आमच्या घरातल्या दोनपैकी एका केदारला हे ऐकून बरं वाटेल. :-)

असो. हे झालं पुण्या-मुंबईच्या राहणेबद्दल. आता आपल्या गावाकडे वळू.

नुसतं बोरी म्हटलं तर कोणती हा प्रश्न येतो. जुन्नर तालुक्यात बोरी आहे, परभणी जिल्ह्यात बोरी आहे. आमची यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्हा तालुक्यातली, म्हणून शेपटाला 'अरब' लावल्याशिवाय ओळख पटत नाही. (स्पॅनिशमध्ये कापसाला 'आल्गोदोन' म्हणतात, तो शब्द अरबी 'कुत्न'वरून आला. अरब नाव लावणाऱ्या आणि कापसावर जगणाऱ्या गावच्या माणसाला हे कुठेतरी सांगितल्याशिवाय राहवलं नाही.) तर या बोरी अरबमध्ये कोणी भेटला की विचारतो, 'काय करून राहिला, भाऊ?' तुम्ही म्हणता, 'काही नाही, बसून राहिलो.' बाई असेल तर 'सैपाक करून राहिली'. आणि पाऊस 'येऊन राहिला', लाइट 'जाऊन राहिली', पोरगं 'लढून राहिलं' (म्हणजे रडतंय. बाहेरच्या वाचकांनी मारामारी समजू नये).

पुण्याच्या कानाला यातलं प्रत्येक वाक्य चुकीचं ऐकू येतं. 'मी जेवून राहिलो' म्हटलं की त्यांना वाटतं, हा जेवला आणि मग मुक्कामाला राहिला. आमची यवतमाळची शकुंतला, मूर्तिजापूरला जाणारी ती नॅरोगेज, चालू होती तेव्हा लोक फाटकापाशी उभे राहून 'गाडी येऊन राहिली' म्हणत आणि मग बराच वेळ काही येत नसे. आता ती गाडी बंद आहे. पण मला वाटतं 'येत आहे'पेक्षा 'येऊन राहिली' हेच तिच्या चालीला शोभत होतं. ती येत नव्हती, ती येऊन राहत होती.

माझी एक भाची यवतमाळहून पुण्याला शिकायला गेली. पहिल्या महिन्यात वर्गात कोणीतरी तिच्या 'करून राहिली'ची नक्कल केली, सगळे हसले, आणि शिकवणाऱ्या बाईंनी ही हिंदीची भेसळ आहे, शुद्ध मराठीत बोल, असं सांगितलं. त्यात वाईट हेतू नसावा. पण दिवाळीला घरी आली तेव्हा ती आजीशी 'करतेय, येतेय' असं बोलत होती, आणि आजीने विचारलं, 'कावून बाई, तुले आपलं बोलणं नाही आवडत का आता?' माझी चुलती कधी कोणाला टोमणा मारणारी नव्हे. तिने खरंच विचारलं होतं. भाचीला उत्तर देता आलं नाही. हे सगळं लिहायला बसलो ते तिला ते उत्तर पुरवावं म्हणून.

भेसळीचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो शिकले-सवरलेले लोकही बोलतात. हिंदीत 'कर रहा है' आहे, वऱ्हाडात 'करून राहिला' आहे, शेजार आहे, म्हणून उचललं. शेजार आहेच. वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता, १८५३ साली इंग्रजांच्या हाती गेला, १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ पर्यंत नागपूर राजधानीच्या त्या राज्यात हिंदी आणि मराठी शेजारी नांदल्या. आमच्या गावात दख्खनी वळणाचं उर्दूही सगळ्यांच्या कानावर आहे. तेव्हा हिंदीचा हात अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी बघा.

एक म्हणजे, हिंदीतलं हे 'रहा' फार जुनं नाही. ब्रज आणि अवधीतल्या जुन्या काव्यात चालू क्रिया सांगायला साधा वर्तमानकाळ पुरतो. 'रहा'ची चलती पुढे खडी बोलीत झाली. गुजरातीतही 'करी रह्यो छे' आहे. एकाच राहणेला शेजारशेजारच्या भाषांनी कामाला लावलं, आणि यातलं कोण कोणाकडून शिकलं हे इतकं सरळ नाही. हिंदीत 'कर' हा नुसता धातू उरला आहे. वऱ्हाडीत 'करून' अख्खं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे 'ऊन राहणे' पुण्याच्या मराठीतही आहे! झोपून राहिला. लपून राहिला. चिकटून राहिला. दबा धरून राहिला. टिकून राहिला. यातल्या एकाही वाक्यात 'आधी झोपला आणि मग मुक्काम केला' असा अर्थ कोणी काढत नाही. झोपलेल्या अवस्थेत होता, एवढाच अर्थ. 'हसून बोलला' यात तरी आधी हसणं संपलं आणि मग बोलणं सुरू झालं असं कुठे आहे? म्हणजे 'ऊन' प्रत्यय 'नंतर' एवढंच सांगत नाही, 'त्या स्थितीत' असंही सांगतो. प्रमाण मराठीने ही सोय झोपणे, लपणे, बसणे अशा स्थिर क्रियापदांपुरती ठेवली. वऱ्हाडीने ती सगळ्यांना खुली केली. जो झोपून राहू शकतो तो करून का नाही राहू शकणार? यात भेसळ कुठे आली? घरातलीच वस्तू आहे, फक्त माजघरातून ओसरीवर आणली.

आणि वऱ्हाडी एवढ्यावर थांबली नाही. आपल्याकडे 'असतो'च्या जागीही राहणे येतं. 'तो दुकानातच राहते', म्हणजे एरवी दुकानात असतो. 'उन्हाळ्यात लई ऊन राहते.' 'बाजारात गर्दी राहते.' (तो राहते, तो म्हणते, तो येते. पुरुषालाही 'ते' लावायचं, ही आणखी एक वऱ्हाडी खूण. आणि पुढच्या काळात 'राहील'चं 'राहीन' होतं, मग तो मी असो की तो.) थोडक्यात, राहणे हे वऱ्हाडात 'असणे' होत चाललेलं क्रियापद आहे. आत्ता आहे त्याला 'आहे' किंवा 'हाय', आणि नेहमीचं असतं त्याला 'राहते'.

इथे स्पॅनिश पुन्हा येते. मेक्सिकोत तुम्ही वाटसरूला विचारता, 'दोन्दे केदा ला एस्तासिओन?' स्टेशन कुठे राहतं? म्हणजे कुठे आहे. हे वाक्य मी वर्गात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या कानात ते सरळ वऱ्हाडीतच उमटलं. 'टेसन कुठं राहते जी?' बाकीच्या विद्यार्थ्यांना तिथे 'आहे'ऐवजी 'राहणे' का आलं हे समजावून सांगावं लागलं.

खरं तर स्पॅनिशचा 'असणे'चा सगळा संसारच असा गोळा केलेला आहे. तिथे असणेला दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार, आणि नव्या विद्यार्थ्याचा निम्मा घाम याच दोघांवर निघतो. एस्तार हे लॅटिन 'स्तारे'वरून आलं. त्याचा अर्थ उभं राहणे. आपल्या 'स्था' धातूचा तो सख्खा भाऊ. सेर तर त्याहून नामी. त्याची काही रूपं असणेच्या जुन्या लॅटिन धातूची आहेत (आपल्या 'अस्'चा भाऊ), पण 'सेर' हे मूळ रूप बसणे या अर्थाच्या 'सेदेरे' धातूतून मिसळून आलं. त्याचा आपल्याकडचा भाऊ 'सद्', संसद आणि परिषद यांत बसलेला. आणि चालू काळ? 'करतो आहे' म्हणायला स्पॅनिश माणूस 'एस्तॉय' पुढे कृदंत ठेवतो. एस्तॉय, एस्तास, एस्ता. मुळात 'करत उभा आहे'. म्हणजे बसणाऱ्याचा आणि उभ्या राहणाऱ्याचा मिळून तिथे 'असणे' झाला, आणि त्याला कोणी भेसळ म्हणत नाही. कोट्यवधी लोक तो सुखाने वापरतात आणि जगभरच्या शाळा पैसे घेऊन शिकवतात.

मग एकाला व्याकरण म्हणायचं आणि दुसऱ्याला गावंढळ, हे ठरलं कुठे? मला वाटतं याचं उत्तर भाषेत नाही, तारखांत आहे.

कॅस्टिलच्या स्पॅनिशचं व्याकरण आंतोनिओ दे नेब्रिखा याने १४९२ साली छापलं आणि राणी इसाबेलाला अर्पण केलं. त्याच वर्षी कोलंबस निघाला. (आपल्याकडे दोनच वर्षं आधी, १४९० साली, बहामनींपासून फुटून एलिचपूरला इमादशाही उभी राहिली होती.) राजधानीची बोली छापली गेली, राज्याबरोबर जहाजात चढली आणि मेक्सिकोपर्यंत पोचली. आपल्या भाषाकुळाचा या सेर-एस्तार मंडळींशी व्याकरणाच्या पुस्तकात पहिला सामना झाला तो गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्सने कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलं गेलं. पोर्तुगीजमध्येही हीच दोन भावंडं आहेत.

मराठीचं व्याकरण विल्यम कॅरीने श्रीरामपूरला १८०५ साली छापलं. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. आता वरची तारीख आठवा. वऱ्हाड इंग्रजांकडे आला १८५३ साली. म्हणजे मुंबई इलाख्यात प्रमाण मराठी घडत होती, शास्त्री-पंडित बसून कुठलं रूप शुद्ध ते ठरवत होते, तेव्हा वऱ्हाड दुसऱ्याच राज्यात होता. त्या खोलीत आपला माणूस नव्हता. नंतर शाळा आल्या त्या तयार पुस्तकं घेऊनच. 'करून राहिला' कोणी तपासून नापास केलं असं नाही, ते परीक्षेलाच बसलं नव्हतं. ग्रियर्सनच्या भाषा पाहणीचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली आला, स्टेन कोनो याने तयार केलेला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने व्यवस्थित नोंदले गेले. पण तोवर त्यांची नोंद 'बोली' म्हणून व्हायची ठरलेली होती.

आणि हे त्या प्रदेशाचं झालं, जिथे मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ तयार झाला! चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोळा केल्या, लीळाचरित्र सिद्ध झालं, ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या परिसरात. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा त्या ग्रंथाचं नाव अभिमानाने घेतलं गेलं. रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठही आहे. चांगलंच आहे. पण त्याच भागातली मुलगी पुण्याच्या वर्गात तोंड उघडायला बिचकते, हेही तेवढंच खरं आहे.

स्पॅनिशचं निमित्त निघालंच आहे तर वर्ध्याच्या एका माणसाबद्दल सांगायला हवं. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म १८८४. गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतकी शिकलेले, पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने इंग्रजांशी लढलेले. इंग्रजी राज्यात परतायची सोय राहिली नाही (बघा, इथेही राहणेच), तेव्हा १९२० च्या दशकात ते मेक्सिकोला गेले. चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या जातींवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या, स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिल्या. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिव्हेराचं एक भित्तिचित्र आहे, भाकरी वाटून घेणाऱ्या माणसांचं. त्यात मधोमध बसून भाकरी मोडणारा जो आहे तो खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे, असं मानतात. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. त्यांच्या मुलीने, सावित्री साहनींनी, त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं आहे. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळाही बसला.

विदर्भाच्या मातीतला हा माणूस वीस-पंचवीस वर्षं स्पॅनिशमध्ये जगला, शिकवत राहिला. मायदेश दूर, परतायची वाट बंद, आणि रोजच्या बोलण्यात हे केदार. राहिलो, उरलो, मागे पडलो, मुक्काम केला, सगळ्याला एकच शब्द. आपल्याकडेही एकच. ते दोन्ही शब्द एकमेकांवर किती चपखल बसतात हे कळायला त्यांना पुस्तकाची गरज पडली नसणार.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगायला गेलो, पण ती बसमध्ये होती आणि शादी-शाबासपर्यंत पोचलो तेव्हा रेंज गेली. म्हणून लिहून काढलं. चुलतीला कोणीतरी वाचून दाखवा. आणि अकोला, बुलढाण्याकडच्या मंडळींनी एक सांगा. आमच्याकडे 'करून राहिलो होतो' असं मागच्या काळातलं रूप सर्रास चालतं. तुमच्याकडे तेच आहे, की 'करत होतो' म्हणता? आणि घरातल्या म्हाताऱ्या बायका 'मी जातो' म्हणतात की 'मी जाते'? आमच्या आजीच्या तोंडी कायम 'जातो'च होतं.